रिझर्व्हवरचा महिन्याचा चेक: पैसा ओटावाचा, नियम प्रांताचा, सही बँडची

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या रिझर्व्हवर, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या जमिनीवर, एकट्या राहणाऱ्या, हाताला काम नसलेल्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त ७३३ डॉलर मिळतात. टोरोंटोत राहणाऱ्या तशाच माणसालाही ७३३च. २०१८ पासून हा आकडा जागचा हललेला नाही. ब्रिटिश कोलंबियात हीच कमाल रक्कम १,०६० डॉलर आहे, व्हँकुव्हरमध्येही आणि रिझर्व्हवरही. ‘मूळ रहिवासी म्हणून सरकार त्यांना वेगळा पगार देतं’ हा समज इथेच निकालात निघतो. प्रांतातल्या कुणाही गरजूला जी शेवटची मदत मिळते, तीच रिझर्व्हवर मिळते. फरक आहे तो पैसा कुठून येतो, अर्ज कोण घेतं आणि अडलं तर दाद कुठे मागायची, एवढ्यात. आणि सगळी गोची नेमकी याच तीन ठिकाणी होते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. रिझर्व्ह म्हणजे कायद्याने राजसत्तेच्या नावावर असलेली, पण एखाद्या फर्स्ट नेशनच्या, म्हणजे मूळ रहिवाशांच्या एखाद्या समाजाच्या, वापरासाठी राखून ठेवलेली जमीन. बँड म्हणजे १८७६ च्या इंडियन ॲक्टने मान्य केलेला समाज. वाजंत्रीशी त्याचा काही संबंध नाही. त्याचा कारभार चीफ आणि कौन्सिल पाहतात. असे बँड कॅनडात ६०० हून जास्त आहेत. ज्या मदतीबद्दल इथे लिहितोय तिचं सरकारी नाव ‘ऑन-रिझर्व्ह इन्कम असिस्टन्स’. बोलण्यात ती ‘सोशल असिस्टन्स’ किंवा सरळ ‘वेल्फेअर’ असते. केंद्रात, म्हणजे ओटावातल्या सरकारात, हे काम इंडिजिनस सर्व्हिसेस कॅनडा हा विभाग बघतो.

स्वतःचा कायदा नसलेली योजना

पूर्वी रिझर्व्हवर मदत म्हणजे शिधा. कुणाला किती द्यायचा हे इंडियन एजंट नावाचा सरकारी अधिकारी ठरवायचा. १९६४ मध्ये केंद्राच्या ट्रेझरी बोर्डाने, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या मंत्र्यांच्या समितीने, एक मंजुरी दिली: रिझर्व्हवर मदत देताना त्या त्या प्रांताचे दर आणि पात्रतेचे निकष वापरावेत. आजची सगळी इमारत त्या मंजुरीवर उभी आहे. या योजनेसाठी संसदेने वेगळा कायदा कधीच केला नाही. २०११ च्या अहवालात कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी रिझर्व्हवरच्या सेवांमधले चार मूळ अडसर सांगितले: सेवेची पातळी काय असावी हे स्पष्ट नाही, कायद्याचा पाया नाही, निधी देण्याची पद्धत योग्य नाही आणि स्थानिक पातळीवर सेवा देणाऱ्यांच्या पाठीशी उभी राहणारी संस्था नाही. इन्कम असिस्टन्सच्या फायली चाळणाऱ्याला यातला एकही मुद्दा नवा वाटणार नाही.

ऑन्टॅरिओचं गणित थोडं निराळं आहे. तिथे १९६५ चा इंडियन वेल्फेअर अ‍ॅग्रीमेंट आहे. त्यानुसार फर्स्ट नेशन्स प्रांताचाच ‘ऑन्टॅरिओ वर्क्स’ कार्यक्रम आपापल्या रिझर्व्हवर चालवतात, आणि प्रांताने केलेल्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र भरून देतं. त्यामुळे तिथे अर्जदाराच्या हातात प्रांताचा खराखुरा कायदा असतो, १९९७ चा. बाकी बहुतेक प्रांतांत बँड आणि केंद्र यांच्यात निधीचा करार असतो आणि प्रांताचे नियम केंद्राच्या मॅन्युअलमधून खाली झिरपतात. प्रांताने दर वाढवला तर मॅन्युअल कधी बदलणार, हा प्रश्न तिथे दरवेळी नव्याने पडतो.

‘प्रांतासारखं’ म्हणजे किती काटेकोरपणे प्रांतासारखं, यावर अटलांटिक किनाऱ्यावरचे मिगमॉ समाज कोर्टात गेले होते. २०११ च्या सुमाराला केंद्राने तिथे प्रांताचे दर आणि निकष अक्षरशः लागू करायचं ठरवलं. २०१३ मध्ये फेडरल कोर्टाने समाजांच्या बाजूने निकाल दिला, २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. मुद्दा क्षुल्लक नव्हता. शहरातल्या कुटुंबाकडे बघून लिहिलेला नियम एका घरात तीन पिढ्या राहतात तिथे लावला की रक्कम घटते, आणि ती माणसं एकत्र राहतात ती हौसेने नव्हे, घरंच नाहीत म्हणून.

या साच्याबाहेरचं एक उदाहरण माहीत असावं. क्वेबेकमधल्या जेम्स बे भागातल्या क्री लोकांनी १९७५ च्या करारात शिकार आणि सापळे लावून जगणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळी उत्पन्न-हमी मिळवली. १९७६ पासून ती चालू आहे आणि पैसा क्वेबेक सरकार देतं. मूळ रचना अशी: जंगलात काढलेल्या प्रत्येक दिवसामागे ठराविक रक्कम, वर्षाला कमाल २४० दिवसांपर्यंत, हप्ते वर्षातून चार. अट अशी की वर्षातले किमान चार महिने शिकारीच्या कामात जावेत आणि मजुरीपेक्षा या कामाला जास्त वेळ मिळावा. बाकी ठिकाणी काम नसणं ही पात्रता आहे, इथे काम असणं. मला विचाराल तर नियम कुणी लिहिला यानेच हा फरक पडतो.

कोण पात्र

पहिली अट रहिवासाची. अर्जदार ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’ हवा, म्हणजे त्याचं नेहमीचं घर रिझर्व्हवर असायला हवं. बँडचं सदस्यत्व आहे पण राहणं शहरात, तर अर्ज बँडकडे नाही, प्रांताच्या ऑफिसात करायचा. शिक्षणासाठी किंवा उपचारासाठी तात्पुरतं बाहेर राहणारा माणूस रिझर्व्हचाच रहिवासी धरला जातो. गडबड होते ती मधल्या लोकांची: दोन महिने शहरात बहिणीकडे, मग तीन महिने गावात, पुन्हा शहरात. अशा वेळी दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून हलण्याआधी जुन्या ऑफिसकडून ‘फाइल अमुक तारखेला बंद, शेवटची रक्कम अमुक महिन्याची’ असं पत्र घ्यावं. हे पत्र नसेल तर नवं ऑफिस महिनाभर वाट पाहायला लावतं, कारण एकाच महिन्याची मदत दोन ठिकाणांहून गेली तर ती वसूल करावी लागते.

दुसरी अट गरजेची. ही मदत रांगेतली शेवटची आहे. आधी एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स (नोकरी सुटल्यावर मिळणारा बेरोजगारी विमा), कॅनडा पेन्शन प्लॅनचं अपंगत्व वेतन, कामावरच्या अपघाताची भरपाई, पोटगी, उच्च शिक्षणाचा निधी, जे जे मिळू शकतं त्यासाठी अर्ज केलेला दिसला पाहिजे. ‘मिळणार नाही हे माहीत होतं म्हणून केलाच नाही’ हे कारण चालत नाही. नकाराचं पत्र चालतं. एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सचा निर्णय यायला वेळ लागत असेल तर मधल्या काळासाठी मदत मिळते, पण मागाहून येणाऱ्या रकमेतून ती परत करण्याच्या कागदावर सही घेतात. तो कागद वाचून सही करावी. पुढे इन्शुरन्सची पहिली रक्कम कापून आली की घोटाळा झाल्यासारखं वाटतं. घोटाळा नसतो, ती सही असते.

तिसरी अट साठवणुकीची, आणि ती प्रांतागणिक वेगळी. ऑन्टॅरिओ वर्क्समध्ये एकट्या माणसाला १०,००० डॉलरपर्यंत आणि जोडप्याला १५,००० पर्यंत मालमत्ता चालते. ब्रिटिश कोलंबियात एकट्याला ५,००० आणि कुटुंबाला १०,०००. प्रांताने अपंग म्हणून मान्य केलेल्याला मात्र १,००,०००.

अर्ज

बँड ऑफिसात सोशल डेव्हलपमेंट वर्कर असतो. ऑन्टॅरिओत त्याला बहुधा ऑन्टॅरिओ वर्क्सचा केसवर्कर म्हणतात. छोट्या गावात हे सगळं काम एकच व्यक्ती करते. ती रजेवर गेली की खातं रजेवर गेलं, हे गृहीत धरून महिनाअखेरीपर्यंत थांबू नये.

सोबत न्यायचं ते असं: घरातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र (स्टेटस कार्ड, म्हणजे इंडियन ॲक्टखालच्या नोंदणीचं कार्ड, किंवा जन्मदाखला), सोशल इन्शुरन्स नंबर, सगळ्या खात्यांची अलीकडची बँक विवरणं, घरभाड्याचा करार किंवा बँडच्या हाउसिंग ऑफिसचं पत्र, वीज आणि इंधनाची बिलं, नोकरी सुटली असेल तर मालकाने दिलेलं ‘रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट’, आणि इतर कुठल्या मदतीचा होकार किंवा नकार आला असेल तर ते पत्र. अर्जावर माहिती तपासण्याची संमती असते. जोडीदार असेल तर सही दोघांची लागते. जोडीदाराची सही राहून गेली म्हणून अर्ज पडून राहणं अगदी नेहमीचं.

स्टेटस कार्डाची मुदत संपलेली असते तेव्हा लोक अर्जच लांबणीवर टाकतात. तसं करू नये. अर्ज आधी द्यावा, कागद मागून जोडावा, आणि अर्ज मिळाल्याची तारीख लिहून घ्यावी, कारण हिशेब त्या तारखेपासून धरला जातो.

हिशेब कसा बसतो

७३३ डॉलर ही एकसंध रक्कम नाही. त्यातले ३४३ मूलभूत गरजांचे: अन्न, कपडे, साबण-सोडा. उरलेले ३९० निवाऱ्याचे, आणि तेही ‘प्रत्यक्ष खर्च, कमाल ३९०’ या पद्धतीने. ब्रिटिश कोलंबियात वाटणी ५६० आणि कमाल ५०० अशी.

इथेच रिझर्व्हवरच्या माणसाला चिमटा बसतो. समजा घर बँडचं आहे आणि बँड भाडं घेत नाही. विजेचे १४० आणि सरपणाचे सरासरी ९० असा त्याचा महिन्याचा निवारा-खर्च २३० डॉलर. त्याला मिळतील ३४३ अधिक २३०, म्हणजे ५७३. उरलेले १६० डॉलर कागदावरच राहतात. बरं, भाडं नाही म्हणजे फायदा, असंही नाही. भाड्याचा पैसा येत नाही म्हणून बँडकडे छत दुरुस्त करायला पैसा नाही, आणि गळक्या घराला सरपण जास्त लागतं.

यावर उपाय म्हणून काही बँड भाडं आकारायला लागतात. मग निवाऱ्याच्या रकमेतून ते भाडं निघतं आणि घरांच्या देखभालीला हातभार लागतो. पण ते भाडं फक्त मदत घेणाऱ्यांकडून घेतलं तर तपासणीत टिकत नाही. तशाच घरात राहणाऱ्या नोकरदारालाही तेच भाडं लागू हवं, लेखी करार हवा, पावत्या हव्यात. पिढ्यानपिढ्या बिनभाड्याने राहिलेल्या नोकरदार कुटुंबांना भाडं लावायचं म्हणजे पुढच्या निवडणुकीत कौन्सिलची कसोटी. म्हणून पुष्कळ ठिकाणी हा विषय बैठकीत येतो आणि बैठकीतच राहतो.

बिलं कुणाच्या नावावर आहेत हेही बघावं. वीज वडिलांच्या नावावर आणि अर्ज मुलाचा, तर मुलाचा वाटा किती हे सांगणारं चिठ्ठीवजा पत्र लागतं. सरपण किंवा प्रोपेन एकदम हंगामाचं भरतात, बिल वर्षातून दोनदाच येतं; ते महिन्यांत विभागून धरायला सांगावं. सांगितलं नाही तर ते एकाच महिन्याच्या कमाल मर्यादेत अडकतं आणि बाकीचे महिने कोरडे जातात.

एका छपराखाली कितीजण

एका घरात राहणारे सगळे एकच कुटुंब धरायचे की वेगवेगळे, यावर रकमेत मोठा फरक पडतो. ऑन्टॅरिओत दोन माणसं तीन महिने एकत्र राहिली आणि त्यांचे पैशांचे आणि घरगुती व्यवहार नवरा-बायकोसारखे असतील, तर त्यांना जोडीदार धरतात. दोघांचं उत्पन्न एकत्र होतं. आईवडिलांकडे राहणारा, आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र नसलेला सज्ञान मुलगा त्यांच्याच फायलीत जातो. स्वतंत्र आहे म्हणायचं तर ते दाखवावं लागतं. घरमालकाकडेच जेवणारा माणूस भाडेकरू नव्हे, ‘बोर्डर’ ठरतो, आणि त्याचा दर कमी असतो.

केसवर्करने ‘जेवण एकत्र करता का?’ असं विचारलं तर तो गप्पांचा प्रश्न नाही. ज्या समाजात शिकारीचं मांस चार घरांत वाटलं जातं तिथे या प्रश्नाचं उत्तर पटकन ‘हो’ असं येतं. किराणा कोण भरतं, पैसे कोण देतं, चूल वेगळी आहे का, हे नेमकं सांगावं. खोटं सांगू नये, पण पाहुणचाराला भागीदारीही म्हणू नये.

काम मिळालं तर

मदत घेताना कमावलं की सगळं कापलं जातं ही भीती अर्धी खरी आहे. ऑन्टॅरिओ वर्क्समध्ये पहिले तीन महिने कमाईचा डॉलरमागे डॉलर कापतात. त्यानंतर महिन्याला हाती आलेल्या मजुरीतले पहिले २०० डॉलर सोडतात आणि उरलेल्याच्या निम्मे कापतात. कुणी ७०० डॉलर कमावले, तर ७०० वजा २०० म्हणजे ५००, त्याचे निम्मे २५०. कमाल मदत ७३३ असेल तर ४८३ मिळतील, आणि महिन्याची एकूण रक्कम होईल १,१८३. काम करणं तोट्याचं नाही. तोट्याचं आहे ते उशिरा कळवणं.

आग विझवायला गेलेल्यांची हंगामी मजुरी, बँडच्या समितीवर बसल्याचा मानधनाचा चेक, बिंगोतली जिंकलेली रक्कम, ट्रेनिंगचा भत्ता, यांतलं काय धरायचं आणि काय नाही हे प्रांताचा नियम ठरवतो. कळवण्याची जबाबदारी मात्र प्रत्येक रकमेची असते. लपवलेली रक्कम सहसा कर विभागाच्या स्लिपवरून वर्षभराने उघडी पडते. तोवर झालेली जादा उचल पुढच्या चेकांमधून कापली जाते. चूक कुणाचीही असो, अगदी ऑफिसचीही, जादा रक्कम वसूल होतेच. म्हणून कळवल्याची प्रत जपून ठेवावी. वसुली टळत नाही, पण फसवणुकीचा ठपका टळतो.

कामाकडे नेणाऱ्या मदतीवर केंद्राने २०१३ मध्ये पाच वर्षांसाठी २४.१ कोटी डॉलर ठेवले होते; भर १८ ते २४ वयाच्या तरुणांवर होता. आता केस मॅनेजमेंट आणि २०१९ पासूनचा इंडिजिनस स्किल्स अँड एम्प्लॉयमेंट ट्रेनिंग कार्यक्रम हे दोन मार्ग आहेत. ट्रकचं लायसन्स, कामाचे बूट, मुलांना सांभाळण्याचा खर्च यासाठी आधी तिथे विचारावं.

विशेष गरजा, आणि चुकीच्या खिडकीवर उभं राहणं

डॉक्टरने सांगितलेला विशेष आहार, बंद पडलेली शेगडी, फ्रिज, जळालेल्या घरानंतरचं सामान, अशा गोष्टींसाठी विशेष गरजांचा भाग आहे. नियम एकच लक्षात ठेवावा: आधी मंजुरी, मग खरेदी. उधारीवर फ्रिज आणून बिल घेऊन गेलेल्याला बहुधा नकारच मिळतो.

औषधं, चष्मा, दात, उपचारासाठीचा प्रवास हे यातून मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत फर्स्ट नेशन्स आणि मान्यताप्राप्त इन्युइट (आर्क्टिक भागातले मूळ रहिवासी) लोकांना नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स हा वेगळा कार्यक्रम आहे. मुलांच्या गरजेबाबत केंद्र आणि प्रांत भांडत बसले तर ज्याच्याकडे विनंती आली त्याने आधी खर्च करावा, यासाठी जॉर्डन्स प्रिन्सिपल आहे. घरात आधाराची गरज असलेल्या वृद्धांसाठी असिस्टेड लिव्हिंग. एकाच गरजेच्या या चार खिडक्या माहीत नसल्या की माणूस एका खिडकीवरचा नकार म्हणजे सगळीकडचाच नकार समजून घरी जातो.

ऑन्टॅरिओत पन्नासाव्या अक्षवृत्ताच्या उत्तरेला, जिथे बारमाही रस्ता नाही अशा वस्त्यांसाठी दुर्गम भागाचा वेगळा भत्ता आहे. दूध-पीठ विमानाने येतं तिथे तो पुरा पडत नाही, पण चेकच्या फोडीत तो आहे का हे तपासावं.

कर नाही, तरी रिटर्न हवंच

या लेखातला सगळ्यात महागडा गैरसमज हा. इंडियन ॲक्टच्या कलम ८७ नुसार नोंदणीकृत माणसाच्या रिझर्व्हवरच्या उत्पन्नावर कर लागत नाही. त्यावरून ‘मग रिटर्न कशाला भरायचं’ असा निष्कर्ष निघतो आणि तिथून पुढे घरात हजारो डॉलर येणं बंद होतं. मुलांमागे मिळणारं कॅनडा चाइल्ड बेनिफिट, कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं जीएसटी क्रेडिट, म्हातारपणीचं गॅरंटीड इन्कम सप्लिमेंट, हे सगळं रिटर्नवरून ठरतं.

चाइल्ड बेनिफिटचा आकडा बघा. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालच्या मुलामागे कमाल ७,९९७ डॉलर, सहा ते सतरा वयासाठी ६,७४८. करमुक्त उत्पन्न या हिशेबात धरतच नाहीत, त्यामुळे रिझर्व्हवर नोकरी करणाऱ्या जोडप्यालाही बहुधा पूर्ण रक्कम मिळते. ऑन्टॅरिओ वर्क्समध्ये ती उत्पन्न म्हणून कापली जात नाही. तीन लहान मुलांच्या आईने एक वर्ष रिटर्न भरलं नाही तर २४,००० डॉलरच्या आसपास अडकून पडतात. त्या घरात वेल्फेअरच्या चेकपेक्षा ही रक्कम मोठी असते.

रिटर्न जोडीदारानेही भरायला हवं. एकाचं राहिलं तरी बेनिफिट थांबतं. करमुक्त उत्पन्न दाखवायला टी ९० हा फॉर्म आहे. पहिल्यांदा अर्ज करताना आरसी ६६. मूल आजीकडे राहायला आलं असेल तर अर्ज आजीने करायचा. कागदावर आई, प्रत्यक्षात आजी, अशी तफावत राहिली की दोन-दोन वर्षांची वसुली निघते. रिटर्न मोफत भरून देणारे स्वयंसेवी टॅक्स क्लिनिक असतात. बँड ऑफिसात त्यांची तारीख विचारावी.

याला जोडून आणखी एक सापळा. २०२५ च्या जुलैपासून १८ ते ६४ वयाच्या अपंग व्यक्तींना महिन्याला कमाल २०० डॉलरचा कॅनडा डिसॅबिलिटी बेनिफिट सुरू झाला. त्यासाठी टी २२०१ वर डॉक्टरांची सही घेऊन डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटचं प्रमाणपत्र लागतं. ‘मला करच नाही, तर करसवलतीचं प्रमाणपत्र काय चाटायचंय?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्या प्रमाणपत्राशिवाय हे २०० डॉलर मिळत नाहीत.

ऑन्टॅरिओत अपंगत्वाची नियमित मदत, ओडीएसपी, रिझर्व्हवरच्या लोकांनाही प्रांतच देतो. जुलै २०२५ पासून एकट्यासाठी ती कमाल १,४०८ डॉलर झाली, म्हणजे ऑन्टॅरिओ वर्क्सच्या जवळजवळ दुप्पट. ज्याची पाठ किंवा मन वर्षानुवर्षं साथ देत नाही अशा माणसाला ७३३ वर ठेवणं म्हणजे त्याचं दरमहा नुकसान. अडचण असते ती वैद्यकीय फॉर्मची: गावात नर्सिंग स्टेशन, डॉक्टर अधूनमधून विमानाने येणार, आणि फॉर्मची मुदत चालू. मुदतवाढ मागता येते. मुदत संपण्याआधी मागावी.

पासष्टी

पासष्ट पूर्ण झाले की ओल्ड एज सिक्युरिटी (केंद्राचं वृद्धापकाळ वेतन) आणि त्यावरचं गॅरंटीड इन्कम सप्लिमेंट लागू होतं आणि इन्कम असिस्टन्सची जागा ते घेतं. अर्ज काही महिने आधीच करावा; उशीर झाला तर मागची रक्कम जास्तीत जास्त अकरा महिन्यांचीच मिळते. सप्लिमेंटसाठी पुन्हा रिटर्न, दरवर्षी.

पेन्शन प्लॅनची गोष्ट वेगळी, आणि ती तरुणपणीच बघायची असते. करमुक्त नोकरी आपोआप कॅनडा पेन्शन प्लॅनमध्ये (सीपीपी) येत नाही. मालकाने सीपीटी १२४ हा फॉर्म भरून ती आणावी लागते. मालकाने भरला नाही तर कामगाराला सीपीटी २० वापरून स्वतः वर्गणी भरता येते, पण मग दोन्ही वाटे त्याचेच. वीस वर्षं बँड ऑफिसात नोकरी करूनही पेन्शन नगण्य निघते ती यामुळे. पगाराच्या स्लिपवर सीपीपीची कपात दिसते का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

एकदम आलेली मोठी रक्कम

फर्स्ट नेशन्सनी राजसत्तेशी केलेल्या जुन्या करारांपैकी बऱ्याच करारांखाली वर्षाला माणशी ५ डॉलर मिळतात. एकोणिसाव्या शतकात ठरलेला आकडा आजही तोच. त्याची चिंता करायला नको. चिंता असते ती नुकसानभरपाईची. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवलं त्या निवासी शाळांच्या भरपाईत शाळेतल्या पहिल्या वर्षासाठी १०,००० आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३,००० डॉलर मिळाले, आणि बहुतेक प्रांतांनी ती रक्कम मदतीच्या हिशेबातून वगळली. बालकल्याण व्यवस्थेच्या भेदभावाबद्दल २३.३४ अब्ज डॉलरची तडजोड २०२३ मध्ये कोर्टाने मंजूर केली. त्यात मुलांपैकी अनेकांची मूळ रक्कम ४०,००० डॉलर आहे.

अशी रक्कम येण्याआधी केसवर्करला लेखी विचारावं: ही उत्पन्नात धरणार का, मालमत्तेत धरणार का, सूट कायमची की ठराविक मुदतीची? ती वेगळ्या खात्यात ठेवावी आणि सोबतचं पत्र फाइलमध्ये लावावं. सूट मिळालेली रक्कम रोजच्या खात्यात मिसळली की सहा महिन्यांनी त्यातलं कुठलं कुठून आलं हे सिद्ध करणं जड जातं.

वर्करच्या बाजूने

केंद्राकडून तपासणी होते तेव्हा प्रत्येक फायलीत अर्ज, रहिवासाचा पुरावा, हिशेबाचा कागद, दरमहाचं निवेदन आणि निर्णय सापडावा लागतो. सापडला नाही तर तो खर्च अपात्र ठरतो आणि बँडकडून परत मागितला जातो. केसवर्कर कागदांसाठी हट्ट धरतो तो म्हणून. त्याच्या खुर्चीची दुसरी अडचण अशी की अर्जदारांत त्याचे काका, मेहुणे, शाळेतले सोबती असतात. नातेवाइकाची फाइल दुसऱ्याने, शेजारच्या समाजाच्या वर्करने किंवा ट्रायबल कौन्सिलने (अनेक बँडांच्या सामायिक संस्थेने) बघावी, आणि हे धोरण भिंतीवर लावलेलं असावं.

चेक कुठे वठवायचा हेही इथेच सांगतो. केंद्र सरकारचा चेक १,७५० डॉलरपर्यंत ओळखपत्र दाखवून कुठल्याही बँकेत फुकट वठवता येतो, खातं नसलं तरी. बँडने काढलेला चेक मात्र केंद्र सरकारचा चेक नव्हे, जरी पैसा केंद्राचा असला तरी. दुकानात वठवला तर शुल्क जातं. खातं उघडून थेट जमा करून घेणं स्वस्त पडतं.

२०२४ च्या अर्थसंकल्पात केंद्राने या योजनेसाठी, अपंगांच्या मदतीसह, पाच वर्षांसाठी ९२.७६ कोटी डॉलर जाहीर केले. प्रांताशी बरोबरी करण्याचं तत्त्व मात्र तसंच आहे. प्रांताने दर गोठवला की रिझर्व्हवरचाही गोठतो.

नकार आला तर

तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नये. निर्णय लेखी मागावा, त्यात तारीख, कारण आणि कोणत्या नियमाखाली हे असावं. ऑन्टॅरिओत ३० दिवसांत अंतर्गत फेरतपासणी मागायची, आणि तिचा निकाल आल्यावर आणखी ३० दिवसांत सोशल बेनिफिट्स ट्रिब्यूनलकडे जायचं. रिझर्व्हवरच्या अर्जदारालाही हाच मार्ग. फेरतपासणी न मागता थेट ट्रिब्यूनलकडे गेलं तर अर्ज परत येतो. इतर प्रांतांत पुष्कळदा प्रांताच्या न्यायाधिकरणाचं दार रिझर्व्हवरच्या फायलींना बंद असतं, आणि अपील बँडच्याच समितीपुढे चालतं. त्या समितीवर मूळ निर्णय घेणारी व्यक्ती बसलेली असेल तर तिने उठावं असं लेखी मागता येतं. अपील चालू असताना मधल्या काळाची मदत मिळेल का, हे त्याच पत्रात विचारावं आणि पत्राच्या प्रतीवर ऑफिसचा तारखेचा शिक्का घ्यावा.